‘ॲपेंड’ आणि ‘एक्स्टेंड’ : पायथन भाषेतील यादीच्या घडणीचा इतिहास

१

संगणकाच्या भाषांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु या भाषांतही शब्द आहेत. ते एका भाषेतून दुसरीत जातात आणि जाताना त्यांचा अर्थ पालटतो. त्यामुळे भाषेच्या अभ्यासकाला हा इतिहास अर्थपरिवर्तनाचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. पायथन या भाषेतील ‘लिस्ट’, म्हणजे यादी, ही वस्तू आणि तिची वाढ करणारी ‘ॲपेंड’ व ‘एक्स्टेंड’ ही दोन क्रियापदे यांचा अशा दृष्टीने मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि बोलींचे नमुने, शब्दसंग्रह, रूपांच्या वारंवारितेची कोष्टके इत्यादी जी सामग्री पूर्वी पत्रिकांवर टिपली जात असे, ती आता बऱ्याच अंशी अशा याद्यांत ठेवली जाते. यादी भलत्या रीतीने वाढविली, तर यंत्र पुष्कळदा कोणतीही हरकत घेत नाही. ते निमूटपणे एक आकडा देते, आणि तो आकडा प्रबंधात जाऊन बसतो. त्यामुळे यादी कशी घडते व कशी वाढते, हा प्रश्न संशोधनाच्या प्रामाण्याशी निगडित आहे.

येथे प्रतिपादन करावयाचा मुद्दा थोडक्यात असा : पायथनमधील यादीचे नाव एका परंपरेतून आले आहे, तर तिची शरीररचना दुसऱ्याच परंपरेतली आहे. तिच्याविषयी होणाऱ्या गैरसमजांपैकी पुष्कळसे या दोन परंपरा जेथे सांधल्या गेल्या, त्या सांध्यावर उत्पन्न होतात.

२

प्रथम नावाची परंपरा पाहू. आरंभीच्या संगणकांवर मुख्यतः गणिती कोष्टके सोडविली जात. कोष्टकात किती आकडे येणार हे आधी ठाऊक असते. त्यामुळे स्मृतीत तेवढी सलग जागा राखून ठेवली की काम भागते. १९५६ च्या सुमारास ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी ‘लॉजिक थिअरिस्ट’ ही आज्ञावली रचली, तेव्हा मात्र ही सोय अपुरी पडली. सिद्धता शोधताना किती सूत्रे निर्माण होतील व ती किती लांब असतील, याचा अंदाज आगाऊ बांधता येत नव्हता. यावर त्यांनी असा तोडगा काढला की, प्रत्येक कप्प्यात एक चिन्ह ठेवावे आणि त्याच्या शेजारीच पुढील कप्प्याचा पत्ता लिहून ठेवावा. मग कप्पे स्मृतीत कोठेही विखुरलेले असोत, पत्त्यांच्या आधारे त्यांची साखळी अखंड राहते. या कामासाठी त्यांनी बनविलेल्या ‘आयपीएल’ या भाषेपासून यादी-प्रक्रियेचा प्रारंभ झाला, असे मानले जाते.

हीच कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘लिस्प’ या भाषेच्या रूपाने पुढे नेली आणि १९६० साली तिच्यावरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. ‘लिस्प’ हे नावच ‘लिस्ट प्रोसेसर’ या शब्दांच्या संक्षेपातून बनले आहे. ही भाषा प्रथम आयबीएम ७०४ या यंत्रावर साकार झाली. त्या यंत्रातील एक शब्द ३६ बिटांचा असे आणि त्यातील दोन विभाग पत्ता ठेवण्याजोगे होते. एका विभागात यादीचा पहिला घटक, तर दुसऱ्यात उरलेल्या यादीचा पत्ता. ‘कार’ व ‘कुडर’ ही लिस्पमधील दोन विलक्षण क्रियानामे त्या यंत्राच्या या दोन विभागांच्या नावांवरूनच पडली. यंत्र कधीच कालबाह्य झाले, पण त्याच्या अवयवांची नावे भाषेत जिवंत राहिली. शब्दाचा मूळ आधार नाहीसा झाल्यावरही शब्द टिकतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

लिस्पमध्ये यादी घडते ती आरंभाच्या बाजूने. ‘कॉन्स’ ही क्रिया एक नवा कप्पा घेते, त्यात नवा घटक ठेवते आणि जुन्या यादीचा पत्ता त्याला जोडते. जुन्या यादीला धक्काही लागत नाही. ती नव्या यादीची शेपटी बनते. एकच शेपटी अनेक याद्यांना सामाईक असू शकते. आता दोन याद्या एकमेकींस जोडावयाच्या असल्यास काय करावे? मॅकार्थी यांच्या १९६० च्या निबंधात यासाठी जी क्रिया व्याख्यात आहे, तिचे नाव ‘ॲपेंड’ असे आहे. ती दोन याद्या घेते, पहिलीची प्रत करते, त्या प्रतीच्या टोकाला दुसरी जोडते आणि होणारी नवी यादी उत्तरादाखल परत देते. मूळच्या दोन्ही याद्या जशाच्या तशा राहतात. पहिल्या यादीचे टोकच बदलून तिला दुसरी जोडणारी वेगळी क्रियाही लिस्पमध्ये लवकरच आली. तिचे नाव ‘एनकॉन्क’. म्हणजे ‘नवे घडविणे’ आणि ‘असलेले बदलणे’ हा भेद त्या काळातच शब्दांनी दर्शविला गेला होता आणि ‘ॲपेंड’ हा शब्द पहिल्या अर्थाकडे होता. मार्सेय येथे १९७२ साली उदयास आलेल्या प्रोलॉग या भाषेतही ‘ॲपेंड’ हा तीन याद्यांमधील संबंध आहे : पहिली व दुसरी मिळून तिसरी होते. तेथेही कोणतीच यादी बदलत नाही.

३

आता शरीराच्या परंपरेकडे वळू. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम हे ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत काम करीत होते. तेथे लॅम्बर्ट मीर्टेन्स, लिओ ख्यूर्ट्स व स्टीव्हन पेम्बर्टन यांच्या पुढाकाराने ‘एबीसी’ नावाची एक अध्यापनसुलभ भाषा तयार झाली होती आणि तिच्या घडणीत व्हान रॉसम यांचाही सहभाग होता. एबीसीमध्ये ‘लिस्ट’ हा एक मूलभूत प्रकार होता; परंतु ती यादी आपले घटक आपोआप क्रमवार लावून ठेवी. घालण्याच्या क्रियेचे नाव ‘इन्सर्ट’ असे होते. घटक कोठे बसेल हे त्याच्या मूल्यावरून ठरत असल्यामुळे ‘शेवटी जोडणे’ या कल्पनेला तेथे अर्थच नव्हता.

१९८९ च्या डिसेंबरात व्हान रॉसम यांनी पायथनच्या रचनेस हात घातला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती प्रसृत केली. तीत ‘लिस्ट’ हे नाव राहिले, पण आशय बदलला. ही यादी घटक ज्या क्रमाने आले तो क्रम राखते. आणि अंतरंगी ती साखळी मुळीच नसून घटकांच्या पत्त्यांची एक सलग रांग असते. म्हणजे लिस्पच्या पूर्वीची कोष्टकाची पद्धतीच येथे परत आली. फरक इतकाच की ही रांग गरजेप्रमाणे लांब होऊ शकते.

ही लांब होण्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. घटक आला की प्रत्येक वेळी एकेक जागा मागावयाची, असे केल्यास रांग पुनःपुन्हा हलवावी लागेल. म्हणून पायथनची प्रमुख कार्यप्रणाली काही जागा आगाऊ राखून ठेवते. सांप्रतच्या आवृत्त्यांत रिकाम्या यादीत पहिला घटक जोडला की ४ जागा घेतल्या जातात. त्या भरल्या की ८, नंतर १६, २४, ३२, ४०, ५२, ६४, ७६ अशा. यादी मोठी झाली की प्रत्येक विस्तारात सुमारे एक-अष्टमांश जागा जादा राखली जाते. अशा रीतीने शेवटी घटक जोडण्याचा सरासरी खर्च यादीच्या लांबीवर अवलंबून राहत नाही. आरंभी घटक घालावयाचा असेल, तर मात्र पुढचे सगळे घटक एकेक घर सरकवावे लागतात. लिस्पच्या यादीत याच्या अगदी उलट स्थिती आहे : आरंभी जोडणे स्वस्त, आणि शेवटी जोडणे महाग. नाव तेच असूनही अर्थशास्त्र उलटे झाले आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे.

पायथनमध्ये यादीच्या जोडीला ‘टपल’ हा दुसरा एक क्रमबद्ध प्रकार आहे; तो एकदा घडला की त्यात भर घालता येत नाही. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे गणपाठाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ज्या गणातील शब्द मोजून दिलेले आहेत तो परिमित गण. आणि ज्यात तशाच आकृतीचे आणखी शब्द प्रयोग पाहून समाविष्ट करावयाचे असतात तो आकृतिगण. सर्वादी गण पहिल्या प्रकारचा, तर स्वरादी गण दुसऱ्या प्रकारचा मानला जातो. या दोन परंपरांमध्ये कोणताही ऐतिहासिक संबंध नाही, हे सांगणे न लगे. परंतु यादी बंद आहे की वाढती आहे, हे आरंभीच सांगितल्याशिवाय नियमाचा अर्थ निश्चित होत नाही, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे.

४

येणेप्रमाणे भूमिका स्पष्ट झाल्यावर मूळ दोन क्रियापदांकडे येऊ. पायथनमध्ये ‘ॲपेंड’ हा शब्द प्रारंभापासून आहे. परंतु लिस्पमधील त्याच्या अर्थाची दोन्ही अंगे येथे पालटली आहेत. एक म्हणजे, तो नवी यादी देत नाही, असलेलीच बदलतो. दुसरे म्हणजे, तो दोन याद्या एक करीत नाही. जे काही दिले असेल ते एकच घटक समजून शेवटी ठेवतो. तीन शब्दांच्या यादीला दोन शब्दांची यादी ‘ॲपेंड’ केली, तर पाच शब्द होत नाहीत. चार घटक होतात, आणि चौथा घटक ही स्वतःच एक यादी असते. एका टोपलीतील आंबे दुसऱ्या टोपलीत ओतणे आणि ती टोपलीच उचलून दुसऱ्या टोपलीत ठेवणे, यांतला हा फरक आहे.

ओतण्याच्या क्रियेसाठी पायथनमध्ये प्रथम स्वतंत्र शब्दच नव्हता. अधिक-चिन्हाने नवी यादी घडवावी, किंवा यादीच्या शेवटच्या रिकाम्या छेदाच्या जागी दुसरी यादी बसवावी, असे दोन मार्ग होते. १९९९ साली आलेल्या १.५.२ या आवृत्तीच्या संदर्भग्रंथात ‘एक्स्टेंड’ ही क्रिया आढळते, आणि तीही ‘प्रायोगिक’ अशी नोंद होऊन. म्हणजे ‘ॲपेंड’ व ‘एक्स्टेंड’ ही जोडी आज जुळ्या भावंडांसारखी शिकविली जात असली, तरी ती एकाच वेळी जन्मलेली नाही.

याच काळातील आणखी एक घटना उद्बोधक आहे. पूर्वी ‘ॲपेंड’ला दोन वस्तू दिल्या, तर ती दोहोंचे मिळून एक ‘टपल’ करून तेवढा एकच घटक जोडीत असे. लिहिणाऱ्याची अपेक्षा बहुधा दोन घटक जोडले जावेत अशी असणार. पण त्याला कसलाही इशारा मिळत नसे. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीने हा प्रघात बंद केला आणि ‘ॲपेंड’ला नेमकी एकच वस्तू द्यावी लागेल, अन्यथा चूक दाखविली जाईल, असे ठरविले. एकाच क्रियापदाचे दोन अर्थ संदिग्धपणे नांदत होते. शेजारी दुसरे क्रियापद आल्यावर पहिल्याचा अर्थ संकोचला व काटेकोर झाला. मानवी भाषांत समानार्थी शब्दांची अशी वाटणी होताना आपण नेहमी पाहतो. येथे मात्र ती कोणत्या वर्षी झाली तेही सांगता येते.

त्याच २.० आवृत्तीत अधिक व बरोबर ही चिन्हे एकत्र लिहून करावयाची संक्षिप्त क्रियाही आली. ‘यादीला तिच्यात दुसरी मिळवून येणारे नाव द्या’ याचे हे केवळ लघुलेखन असावे, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः याद्यांच्या बाबतीत ती ‘एक्स्टेंड’सारखी वागते. केवळ अधिक-चिन्ह नवी यादी घडविते; जोडचिन्ह जुनीच वाढविते. एका यादीला दोन नावे असली, तर पहिल्या प्रकारात दुसऱ्या नावाखालील सामग्री तशीच राहते. दुसऱ्या प्रकारात तीही वाढलेली दिसते.

खर्चाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. १०,००० शब्द एकेक करून अधिक-चिन्हाने मिळवीत गेल्यास प्रत्येक वेळी आधीची यादी नव्याने उतरवून काढली जाते. अशा उतरविलेल्या घटकांची एकूण संख्या ४,९९,९५,००० इतकी होते. ‘ॲपेंड’ने तेच काम करताना जुने घटक क्वचितच हलवावे लागतात.

५

या क्रियापदांच्या व्याकरणिक रूपाकडेही लक्ष वेधणे इष्ट आहे. ‘ॲपेंड’, ‘एक्स्टेंड’, ‘सॉर्ट’ ही रूपे आज्ञार्थी आहेत आणि आज्ञा पाळल्यावर ती काहीच परत देत नाहीत. लिस्पच्या सवयीचा माणूस ‘ॲपेंड’चे उत्तर एखाद्या नावात साठवू पाहतो, आणि त्याच्या हाती यादीऐवजी ‘नन’, म्हणजे शून्यवत वस्तू, येते. यादी क्रमवार लावणारी ‘सॉर्ट’ ही क्रिया तीच यादी परत का देत नाही, याचा खुलासा व्हान रॉसम यांनी २००३ साली केला होता. वस्तू बदलली जात आहे ही गोष्ट वाचणाऱ्याच्या ध्यानात राहावी, असा त्यामागील हेतू होता. २००४ सालच्या २.४ या आवृत्तीत ‘सॉर्टेड’ ही निराळी क्रिया आली. ती मूळ यादीला हात न लावता क्रमवार लावलेली नवी यादी देते. आज्ञार्थ असेल तर वस्तूत बदल, आणि भूतकालवाचक धातुसाधित असेल तर नवी वस्तू, असा हा संकेत आहे. भाषा रचणाऱ्यांनी इंग्रजीच्या रूपविचाराचा येथे केलेला उपयोग मार्मिक म्हणावा लागेल.

यादी घडविण्याची तिसरी एक रीत आहे. ती गणिताच्या संचलेखनातून आली. ‘ज्या ज्या वस्तूंच्या ठायी अमुक गुण आहे, त्या सर्वांचा संच’ ही मांडणी संचशास्त्रात रूढ आहे. न्यूयॉर्क येथे जॅक श्वार्ट्झ यांनी रचलेल्या ‘सेटल’ या भाषेत ती संगणकाच्या लेखनात उतरली. पुढे डेव्हिड टर्नर यांच्या भाषांतून ती याद्यांना लागू झाली आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या हॅस्केल या भाषेमार्फत, पुन्हा त्याच २.० आवृत्तीत, पायथनमध्ये आली. मराठीत आपण ‘जे शब्द नाम आहेत त्यांची मूळ रूपे’ असे म्हणतो. पायथन फळ आधी सांगते आणि ‘कशांपैकी’ व ‘कोणत्या अटीवर’ हे नंतर. या रीतीत ‘ॲपेंड’ लिहावेच लागत नाही. यादी पूर्ण होऊनच हाती येते आणि अर्धवट वाढलेल्या अवस्थेत तिला दुसरे कोणी पाहू शकत नाही. मात्र प्रारंभीच्या काळात या रचनेतील फिरते नाव बाहेर सांडून तेथील त्याच नावाच्या वस्तूची जागा घेत असे. २००८ च्या अखेरीस आलेल्या पायथन ३ मध्ये हा दोष दूर झाला.

६

आता या सर्वांचा आपल्या कामाशी असलेला संबंध दोन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

समजा, तीन गावांतील बोलींचे शब्द तीन वेगळ्या याद्यांत साठवावयाचे आहेत. त्यासाठी एक रिकामी यादी आत असलेल्या यादीला तिनाने गुणून तीन रिकाम्या याद्या तयार केल्या, असे एखाद्यास वाटेल. प्रत्यक्षात अशा गुणाकाराने एकाच यादीचा पत्ता तीन वेळा लिहिला जातो. मग पहिल्या गावाचा शब्द ‘ॲपेंड’ केला की तो तिन्ही ठिकाणी दिसू लागतो. सामग्री भरून झाल्यावर तिन्ही गावांचा शब्दसंग्रह शब्दशः सारखा आढळतो, आणि बोलींत भेद नाही असा निष्कर्ष निघतो. यंत्राने कोठेही चूक दाखविलेली नसते. दिलेल्या आज्ञा त्याने बिनचूक पाळलेल्या असतात. क्रियेच्या व्याख्येतच पूर्वनिश्चित मूल्य म्हणून रिकामी यादी लिहिली, तर तीही व्याख्येच्या वेळी एकदाच घडते आणि प्रत्येक वापरात मागचे शेष घेऊन येते. दोन्हींचे मूळ एकच : पायथनमध्ये नाव म्हणजे वस्तू ठेवण्याचे पात्र नव्हे. ती वस्तूला लावलेली चिठ्ठी आहे, आणि एका वस्तूला कितीही चिठ्ठ्या असू शकतात.

दुसरे उदाहरण लिपीशी संबंधित आहे. शब्दांच्या यादीत ‘पुस्तक’ हा शब्द ‘ॲपेंड’ने जोडला, तर एक घटक वाढतो. चुकून ‘एक्स्टेंड’ने जोडला, तर शब्द हीही एक रांगच मानली जाते आणि तिचे घटक सुटे होऊन यादीत पडतात. ‘पुस्तक’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. यादीत मात्र सहा घटक वाढतात. कारण युनिकोडमध्ये उकार आणि हलन्तचिन्ह यांना स्वतंत्र स्थान आहे. अशा यादीवरून काढलेली शब्दसंख्या ना शब्दांची असते, ना अक्षरांची, ना वर्णांची. इंग्रजी सामग्रीत सुटी पडलेली रोमन अक्षरे निदान अक्षरे म्हणून तरी ओळखू येतात. देवनागरीत सुटा उकार हाती येतो, तेव्हा त्याचे मूळ शोधणेही कठीण होते.

सारांश, यादी वाढविणाऱ्या कोणत्याही क्रियेस दोन प्रश्न विचारले पाहिजेत : ती नवी यादी घडविते की असलेली बदलते, आणि दिलेली वस्तू ती एक म्हणून घेते की अनेक म्हणून. अधिक-चिन्ह नवी घडविते व अनेक घेते. ‘ॲपेंड’ असलेली बदलते व एक घेते. ‘एक्स्टेंड’ असलेली बदलते व अनेक घेते. ही उत्तरे शब्दांच्या कोशगत अर्थावरून मिळत नाहीत, कारण इंग्रजीत ‘ॲपेंड’ व ‘एक्स्टेंड’ यांत असा भेद नाही आणि लिस्पमध्ये पहिल्याचा अर्थ वेगळाच होता. ती त्या त्या भाषेतील प्रयोगावरून आणि त्या प्रयोगाच्या इतिहासावरूनच मिळतात. ज्या प्रबंधात यंत्राने मोजलेले आकडे आधारासाठी घेतले असतील, त्यात ते आकडे ज्या आज्ञावलीने निघाले ती परिशिष्टात देण्याचा परिपाठ आपल्या विभागांनी पाडावा. परीक्षकाने सामग्रीइतक्याच बारकाईने तिच्यातील क्रियापदे वाचावीत, हे त्यावरून ओघानेच येते.